भाड्याच्या घरातले मासे : विहीर, हौद, काचेची पेटी आणि घरमालक

ज्यांना कार्यक्रम ऐकायला निवांत वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप इथे देतोय. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं तशीच ठेवलीत, सांभाळून घ्या.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, इतिहासाच्या कार्यक्रमात फिशटँक कुठून आला? पण सोलापुरात भाड्याने राहिलेल्या माणसाला विचारा. घरात मासे ठेवायचे म्हटलं की पहिला प्रश्न कोणता मासा घ्यायचा हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "मालकाला विचारलं का?" आणि दुसरा, "नळाला पाणी कधी येतंय?" या दोन प्रश्नांचा इतिहास आज बघायचा आहे. तो माझ्याच घरापासून सुरू करतो.

पेठेतली माडी

ऐंशीच्या दशकात आम्ही सोलापुरात एका जुन्या वाड्यात माडीवर दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. खाली मालक. घर लाकडी तुळयांचं, वर मातीचं माळवद. वडील शाळामास्तर. एका दिवाळीत त्यांनी जुनी, लोखंडी चौकटीची दोन फुटी काचेची पेटी आणली. चार मॉली, दोन एंजल आणि खाली रंगीत खडे. आम्हा भावंडांना आकाश ठेंगणं झालं.

मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, चौकटीतली पुट्टी वाळून तडकली. रात्री पेटी गळायला लागली. आम्ही झोपेत. सकाळी मालक वर आले ते हातात ओला टॉवेल घेऊनच. खाली त्यांच्या खोलीत विक्रीला ठेवलेल्या टॉवेलांच्या थप्पीवर रात्रभर पाणी ठिबकलं होतं. वडिलांचा चेहरा उतरला. त्या काळी खोली सोड म्हटलं तर दुसरी मिळणं सोपं नव्हतं, आणि नुकसान भरून द्यायला पगार पुरणारा नव्हता.

मालक थोडा वेळ पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मासे ठेवा हो. पण माझ्या डोक्यावर नको. खाली जिन्याखाली जागा आहे, तिथं ठेवा."

पुढची सहा वर्षं ती पेटी जिन्याखाली होती. टॉवेलांचे पैसे वडिलांनी तीन हप्त्यांत दिले. मालकांनी ते घेतलेही. आज हे आठवलं की वाटतं, कुठल्याही करारात नसलेला करार त्या सकाळी झाला. असा करार करायची वेळ का येते आणि तो कशावर टिकतो, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. बरंच मागे.

राजाचं तळं, साहेबाची काच

सोलापूरपासून पूर्वेला, आजच्या कर्नाटकात, बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती आणि आपला हा सगळा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता. त्या घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात शंभर प्रकरणं आहेत. राज्यकारभार आहे, स्वयंपाक आहे, संगीत आहे, आणि 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरणही आहे. माशांचे पस्तीसेक प्रकार, कुठला मासा कुठल्या पाण्यात राहतो, त्याला काय खायला घालावं, गळाला कसा लावावा, हे सगळं त्यात येतं. आपल्या भागात माशांकडे जेवणापलीकडे, हौस म्हणून बघितल्याचा इतका जुना आणि इतका तपशीलवार पुरावा क्वचितच सापडेल.

त्याच शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव खोदला असं परंपरा सांगते. तोच आपला सिद्धेश्वर तलाव. म्हणजे एकीकडे राजाचं तळं, दुसरीकडे देवाचं तळं. दोन्हीकडे मासे होते, आणि दोन्हीकडे पाणी कुणाचं याबद्दल शंका नव्हती. सामान्य माणसाने मासा बघायचा तो काठावर उभं राहून.

घरात, काचेआड मासा ठेवण्याची पद्धत फार अलीकडची आहे. चीनमध्ये गोल्डफिश हजारेक वर्षांपूर्वीपासून पाळत, पण तळ्यांत आणि चिनीमातीच्या भांड्यांत, म्हणजे वरून बघायचे. बाजूने, काचेतून मासा बघायचा तर काच स्वस्त हवी. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. पाचच वर्षांत, १८५० साली, रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग जाहीर केला. एका टाकीत गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या, तर वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगाई कुजकं खातात आणि पाणी रोज न बदलताही मासे जगतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं सार्वजनिक दालन उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला आणि तिथे या छंदाची अक्षरशः लाट आली.

वॉरिंग्टनच्या प्रयोगातली एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. पाणी रोज बदलावं लागत नाही. ज्याच्या दारात विहीर नाही त्यालाही मासा पाळता येईल, ही शक्यता तिथून सुरू झाली. भाडेकरूचा मासा तेव्हा जन्माला आला म्हणा ना.

विहिरीतले मासे आणि मुंबईचे घरमालक

आपल्याकडे मात्र भाड्याच्या घरात मासा हौसेआधी औषध म्हणून आला.

डास हिवताप पसरवतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये भारतातच दाखवून दिलं. त्यानंतर मुंबईत हिवतापाचा शोध घेण्यासाठी डॉ. चार्ल्स बेंटली यांना नेमलं गेलं. त्यांचा अहवाल १९११ सालचा. त्यांनी दाखवलं की शहरातला हिवतापाचा डास दलदलीत कमी आणि घरांच्या विहिरींत, टाक्यांत, हौदांत जास्त वाढतो. म्हणजे रोगाचं मूळ वाड्याच्या आतच.

उपाय सरळ होता, विहिरी बुजवा किंवा घट्ट झाकणं बसवा. पण विहीर घरमालकाची. झाकणाचा खर्च मालकाने करायचा. ताप मात्र चाळीतल्या भाडेकरूला यायचा. त्यात धर्माचा प्रश्न आला. पारशी आणि हिंदू, दोन्ही समाजांत विहिरीच्या पाण्याला धार्मिक विधींत स्थान होतं, त्यामुळे विहिरी बंद करायला मोठा विरोध झाला. या ओढाताणीत एक मधला मार्ग पुढे आला, विहिरीत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडायचे. विहीर उघडी राहते, विधी होतात, मालकाचा खर्च वाचतो, भाडेकरूचा ताप टळतो. तो पुरेसा उपाय होता का, यावर वाद झाले. पण घरमालक, भाडेकरू आणि नगरपालिका अशा तिघांच्या भांडणात मासा मध्यस्थ म्हणून उभा राहिला, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते.

हौदातले गप्पी

याच काळात परदेशी मासे आले. गप्पी हा मूळचा त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. १८६६ मध्ये रॉबर्ट जॉन लेकमेर गप्पी या गृहस्थांनी त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनला पाठवले, म्हणून हे नाव. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तो डासनियंत्रणासाठी भारतात आला. १९२८ मध्ये इटलीहून गँबुशिया आला. आपल्या लोकांनी गप्पीचं मराठीकरण करायची गरजच पडली नाही, कारण 'गप्पी' आधीच मराठी वाटतो!

सोलापुरात या माशाचं महत्त्व समजायचं तर पाण्याचं गणित बघा. ब्रिटिशांनी १८७१ च्या सुमारास पूर्ण केलेला एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव, भीमेवरचा टाकळीचा पाणीपुरवठा आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीची थेट पाइपलाइन, असं तीन बाजूंनी शहरात पाणी येतं. उजनीची साठवण ११७ टीएमसी. ऐकायला भरपूर. पण शहरातल्या नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड. कधी तीन, कधी चार, कधी त्याहून जास्त. त्यामुळे सोलापुरी घरात पाणी म्हणजे साठवण. हौद, बॅरल, सिंटेक्सची टाकी, रांजण, घागरी, अगदी पातेलीसुद्धा.

आता डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी ते डास ही वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते, आणि त्याला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा. पण चार दिवसांनी आलेलं पाणी ओतून द्यायचं कुणाच्या जीवावर येईल? म्हणून मग हिवताप विभागाचे गप्पी मासे. सामायिक हौदात दहा-वीस सोडले की अळ्यांचा फडशा पाडतात. पिल्लं थेट जन्माला येतात, तीही महिन्याभरात, त्यामुळे पुन्हा आणायला नकोत.

आमच्यासारख्या कित्येक पोरांनी आयुष्यातला पहिला मासा पाहिला तो वाड्याच्या हौदात. तो ना मालकाचा, ना भाडेकरूचा. त्याला ठेवायला कुणाची परवानगी लागली नाही, कारण त्याचा उपयोग सगळ्यांना होता. पुढे काचेच्या पेटीतल्या माशाला परवानगी लागते ती का, याचं उत्तर इथेच आहे. हौदातला मासा कामाचा, पेटीतला हौसेचा. आणि भाडेकरूने हौस करायची की नाही, हा आपल्याकडे कायम नाजूक मामला राहिलाय.

भाड्याचं शहर

सोलापूर हे भाड्याने राहणाऱ्यांचं शहर झालं ते गिरण्यांमुळे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी गिरणी, १८७० च्या दशकात उभी राहिली. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून तर आलीच. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका गल्लीत नांदू लागल्या. माणसं हजारांनी आली, खोल्या तेवढ्या नव्हत्या. एका खोलीत दोन कुटुंबं, माग आणि चूल शेजारीशेजारी. अशा ठिकाणी काचेची पेटी कुठे ठेवणार?

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा मुंबई सरकारने १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आणलं. पुढे १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने साधारणपणे १ सप्टेंबर १९४० चं भाडं हे 'प्रमाण भाडं' धरलं आणि भाडेकरूला सहजासहजी घराबाहेर काढता येणार नाही अशी तरतूद केली. फाळणी, टंचाई, युद्धानंतरची महागाई बघता ते गरजेचंही होतं.

पण या कायद्याचा परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. भाडेकरू निर्धास्त झाला. त्याने पोटमाळा केला, मोरी केली, भिंतीत फडताळं केली. मालकाला महिन्याला दहा-पंधरा रुपये मिळत, त्यात माळवदावर माती टाकायचाही खर्च निघत नसे. म्हणून दुरुस्ती थांबली. म्हणजे बघा, ज्या काळात भाडेकरू कुणालाही न विचारता फिशटँक ठेवू शकत होता, त्याच काळात घर मात्र फिशटँकचं वजन पेलण्यासारखं राहिलं नव्हतं! आमच्या मालकांनी "माझ्या डोक्यावर नको" म्हटलं त्यामागे ही तीस-चाळीस वर्षं होती. ते खडूस नव्हते. त्यांना आपल्या तुळया माहीत होत्या.

लोखंडी चौकटीची पेटी

मराठी माणसाला फिशटँकची गोडी लावण्यात मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा वाटा मोठा. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मुंबईला गेलेला माणूस राणीचा बाग, गेटवे आणि तारापोरवाला बघूनच परतायचा. क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या बाजारात मासे विकत मिळायचे. कोलकाता आणि हावड्याच्या भागात रंगीत माशांची पैदास मोठी, तिथून ते देशभर जात. प्राणवायू भरलेल्या पॉलिथिनच्या पिशवीत मासा रेल्वेने, एसटीने शे-दोनशे मैल जाऊ लागला.

त्या काळची पेटी म्हणजे लोखंडी अँगलची चौकट आणि काच बसवायला पुट्टी. पुट्टी ओली राहिली तर ठीक, वाळली की तडकते. लोखंड गंजतं. आणि सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा. पेटी जागेवरून हलवली की गळालीच समजा, आणि भाडेकरूला तर दर काही वर्षांनी हलावंच लागतं. बाहेरच्या देशांत साधारण साठच्या दशकापासून सिलिकॉनने जोडलेल्या, चौकट नसलेल्या पेट्या आल्या. आपल्याकडे गावोगावी त्या रुळायला आणखी बराच काळ गेला. भाडेकरूच्या दृष्टीने सिलिकॉन ही लहान गोष्ट नव्हती. पेटी हलकी झाली, गळती कमी झाली, सामान हलवताना टेम्पोत नेता येऊ लागली.

मग वीज. २००५ नंतरची काही वर्षं आठवतात का? भारनियमनाची? उन्हाळ्यात तासन् तास वीज जायची. माशांच्या दृष्टीने ही दुहेरी मार होती. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांवर तो ७ च्या आसपास येतो. म्हणजे गरज असते तेव्हाच पाण्यात प्राणवायू कमी, आणि त्याच वेळी पंप बंद. घरोघरची पोरं तांब्याने पेटीतलं पाणी घेऊन उंचावरून परत पेटीत ओतत बसायची. तेवढ्याने मासे तगायचे. गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा, तो आधी माना टाकायचा.

अकरा महिने

१९९७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की भाडी वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना संरक्षण राहिलं, मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. पण नवीन येणारा माणूस बहुतेक वेळा 'भाडेकरू' उरलाच नाही. तो लिव्ह अँड लायसन्सवाला झाला. म्हणजे घरात राहायची फक्त परवानगी, तीही मुदतीपुरती. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने पैसे भरायची तरतूद कायद्याच्या २४ व्या कलमात आहे.

इथून करारनाम्यात अटी वाढल्या. खिळा ठोकायचा नाही, रंग लावायचा नाही, प्राणी पाळायचे नाहीत. आता फिशटँकमधला मासा 'प्राणी' आहे का? जीवशास्त्र म्हणेल, आहे. मालकाच्या मनात मात्र ती अट लिहिताना कुत्रा-मांजर असतं. कायद्यात माशाचा उल्लेख कुठेच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्याला उपद्रव आणि घराचं कायमचं नुकसान, ही घर खाली करून घेण्याची कारणं १६ व्या कलमात आहेत, आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की नेहमीच्या वापराची झीज सोडून घर जसं घेतलं तसं परत द्यायचं. शांत पोहणाऱ्या गप्पीचा उपद्रव कुणाला? गळक्या पेटीचा मात्र होतो, आणि ती 'नेहमीची झीज' म्हणून खपत नाही.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही" असं अजूनही सर्रास ऐकू येतं. ही सवय १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली, कारण त्यात वर्षावारी किंवा एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टाच नोंदवावा लागतो. पण महाराष्ट्रात ५५ व्या कलमानुसार प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंद नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू काय म्हणतो ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध केलं नाही तर. म्हणजे "मासे ठेवायला तोंडी होकार होता" या वाक्याला वजन आहे. तरी माझं म्हणणं, कोर्टापर्यंत जायची हौस नसेल तर एक ओळ करारातच घाला : अमुक मापाची पेटी, अमुक जागी, गळतीचं नुकसान भाडेकरू देईल. मालकालाही बरं वाटतं, कारण तुम्ही त्याच्या घराचा विचार केलाय हे त्यात दिसतं.

वजन, पाणी आणि निघताना

इतक्या सगळ्या इतिहासातून मला तीन गोष्टी कळल्या.

पहिली, वजन. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. काच आणि खडे धरून सत्तर-पंचाहत्तर किलो, म्हणजे एका माणसाएवढं. ते कुठलंही बरं घर पेलतं. पण चार बाय दीड बाय दीडची पेटी घ्या. पाणीच २५५ लिटर. एकूण तीनशे किलोंच्या वर, तेही सहा चौरस फुटांत आणि दिवसरात्र. राहत्या घराचा स्लॅब सर्वसाधारणपणे चौरस मीटरला २०० किलोंचा भार धरून काढलेला असतो. भार आजूबाजूला वाटला जातो म्हणून भिंतीलगत, तुळईवर पेटी चालते, खोलीच्या मधोमध नको. आणि माळवदी, लाकडी माडीवर मोठी पेटी नकोच नको. तिथे जिन्याखालची जागा शोधा.

दुसरी, पाणी. दोन फुटी पेटीचं आठवड्याला पाव पाणी बदलायचं म्हणजे १४ लिटर. एक घागर. पाण्याची पाळी लांबली की या घागरीवरून घरात कुरबुर होणारच. पण इथे एक गंमत आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना घातक, म्हणून पुस्तकं सांगतात की पाणी दिवसभर उघडं ठेवून मग वापरा. सोलापुरात पाणी दोन-चार दिवस साठवलेलंच असतं! आपली अडचण माशांच्या पथ्यावर पडते. बोअरचं जड पाणी असेल तर गप्पी, मॉली, प्लॅटी ठेवा, त्यांना ते मानवतं. काढलेलं पाणी तुळशीला, कुंड्यांना घाला. तेवढं खत फुकट. पंपाच्या विजेवरून मालकाची कुरकुर असेल तर हिशेब दाखवा : ५ वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी ३.६ युनिट.

तिसरी, निघताना. घर सोडायची वेळ येते, नवा मालक नाही म्हणतो, आणि माणूस मासे नेऊन सिद्धेश्वर तलावात नाहीतर कंबर तलावात सोडतो. त्याला वाटतं पुण्य केलं. मंडळी, हे करू नका. उजनीची चिलापी आपण हायवेवरच्या ढाब्यांत चवीने खातो, पण ती इथली नाही. आफ्रिकेतली ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली, ती देशभरच्या पाण्यांत पसरली आणि आज उजनीच्या जाळ्यांत भरपूर लागते. पेटीची काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर मासा तर देशात अनेक ठिकाणी नद्या-तळ्यांत सुटला आहे. तो जाळी फाडतो आणि मच्छीमारांच्या पोटावर पाय आणतो. हौदातला गप्पी हौदात ठीक, तळ्यात सोडला तर इथल्या माशांची अंडी-पिल्लं खातो. निघताना मासे दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, शाळेला द्या.

शेवटी

सोलापूरच्या घरांच्या गोष्टीत दोन टप्पे मोठे आहेत. २००६ मध्ये कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजारांवर विडी कामगार बायकांना स्वतःची घरं मिळाली. १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरमधली १५ हजार घरं कामगारांच्या हाती आली. पिढ्यान् पिढ्या भाड्याच्या खोलीत काढलेल्या माणसांना, भिंतीत खिळा ठोकताना कुणाला विचारायला नको, हे पहिल्यांदा अनुभवायला मिळालं. त्यातल्या कुठल्या ना कुठल्या घरात, खिडकीशेजारी एक छोटी पेटी नक्की असेल, आणि ती ठेवताना कुणी कुणाला विचारलं नसेल. घागरभर पाण्याचा हिशेब मात्र तिथेही असणार.

आमची पेटी पुढे फुटली. वाडा पाडून तिथे अपार्टमेंट झालं. मालक गेल्यावर वडील त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा मालकांच्या नातवाने विचारलं, "मास्तर, जिन्याखाली मासे होते ते तुमचेच का?" इतकी वर्षं त्याला ते आपल्याच घरचे वाटत होते.

तुमच्या भाड्याच्या घरातल्या माशांची गोष्ट असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर पाणी जपून वापरा. नमस्कार.